फायबरच्या होडीसाठी नॅनो-पावडर उपयोगी आहे का?

प्रश्न : आम्ही फायबरच्या लहान होड्या बांधतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये सिलिकाची नॅनो-पावडर मिसळली की लॅमिनेट (रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या धाग्यांच्या थरांचा पत्रा) दीडपट मजबूत होते, असे एका विक्रेत्याने सांगितले. हे खरे मानावे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : मजबुती कोणत्या प्रकारची, हे आधी विचारायला हवे. फायबरच्या वस्तूत ताण सोसण्याचे काम काचेचे धागे करतात. रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवते आणि एका धाग्यावरचा भार दुसऱ्याकडे पोहोचवते. नेहमीच्या ई-ग्लास धाग्याचा ताठरपणा सुमारे 72 गिगापास्कल असतो, तर रेझिनचा जेमतेम 3. एकाच दिशेने धागे असलेल्या लॅमिनेटचे निम्मे आकारमान काचेचे आहे असे धरले, तर धाग्यांच्या दिशेतला ताठरपणा साधारण 37.5 भरतो. नॅनोकणांमुळे रेझिन 20 टक्क्यांनी ताठ झाले, तरी तो 37.8 च्या वर जात नाही. ही वाढ 1 टक्काही नाही, त्यामुळे 'दीडपट'चा दावा या अर्थाने टिकत नाही.

मात्र होडी नेहमी धागे तुटूनच निकामी होते असे नाही. लाटांवर आपटून किंवा वाळूवरून ओढताना दणके बसून तिचे थर एकमेकांपासून सुटतात. दोन थरांमधल्या रेझिनच्या पातळ पापुद्र्यात तडा रोखायला आडवा धागा नसतो, आणि नॅनोकणांचा खरा उपयोग तिथेच आहे. 20 नॅनोमीटरचा कण 10 मायक्रॉनच्या धाग्याहून 500 पट बारीक असल्यामुळे तो दाट विणीतही शिरतो. तडा जवळ आला की कणाभोवतीचे रेझिन सुटते, तिथे सूक्ष्म पोकळी तयार होते आणि ती रुंदावताना रेझिन ताणले जाऊन तड्याची ऊर्जा खर्ची पडते. हा परिणाम इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमध्ये चांगला तपासला गेला आहे; मात्र इपॉक्सीचे आकडे पॉलिएस्टरला जसेच्या तसे लावू नयेत.

जेलकोट (होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत थराचे रेझिन) उभ्या भिंतीवरून ओघळू नये म्हणून आपण एरोसिल ही पावडर वापरत असाल, तर तीही नॅनो-सिलिकाच आहे, हे विक्रेत्याने बहुधा सांगितले नसेल. तिच्या 1 ग्रॅम पावडरीचा पृष्ठभाग सुमारे 200 चौरस मीटर असतो. त्यामुळेच कण एकमेकांना धरून जाळे करतात आणि रेझिन घट्ट होते. जेलकोटमध्ये हवाहवासा वाटणारा हा गुण लॅमिनेटमध्ये मात्र नडतो : घट्ट रेझिन मॅटमध्ये, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईत, नीट मुरत नाही, रोलर फिरवूनही हवेचे फुगे अडकून राहतात, आणि कणांनी दिलेले बळ हे फुगे हिरावून घेतात. शिवाय काठीने ढवळून पावडरीच्या गुठळ्या फुटत नाहीत, आणि न फुटलेल्या गुठळीपासूनच तडा सुरू होऊ शकतो. माझ्या मते, कण कारखान्यातच नीट विखुरलेले तयार रेझिन मिळत नसेल, तर लॅमिनेटमध्ये सुटी पावडर घालूच नये.

तयार रेझिन मिळाले, तर एकाच मॅटचे आणि सारख्याच जाडीचे दोन तुकडे घडवावेत, एक साधा आणि एक नॅनोकणांचा. त्यांच्या पट्ट्या कापून, जाडीच्या सुमारे चौपट अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मधोमध दाबून पाहाव्यात. इतक्या आखूड पट्टीत थरांमधली पकड आधी तपासली जाते. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी करून मिळू शकते. पावडर हाताळताना धूळ रोखणारा मास्क अवश्य लावावा.