पिरान्हा म्हणून आणला, निघाला रूपचंद
(वाचकांचे प्रश्न : मासा कोणता?)

आधी माझी चूक. होटगी रस्त्यावरच्या एका ताईंनी उन्हाळ्याच्या तोंडावर आठ छोट्या माशांचा फोटो पाठवला होता. अंगावर निळी रेघ, खाली डोक्यापासून शेपटीपर्यंत तांबडा पट्टा. मी बेधडक 'कार्डिनल टेट्रा' लिहून मोकळी झाले. वर 'हा गरम पाणी सोसतो, मे महिना काढेल' असंही लिहिलं. ते निघाले निऑन टेट्रा. निऑनचा तांबडा पट्टा अंगाच्या मध्यापासून मागेच असतो, पुढचं पोट रुपेरी. ताईंच्या टाकीवर गुलाबी दिवा होता, त्यात रुपेरी पोट लालच दिसलं. निऑनला २० ते २६ अंशांचं पाणी मानवतं. मेमध्ये माझ्या घरची टाकी पंखा लावूनही ३२च्या खाली येत नाही. आठातले सहा गेले. ताई, दोष तुमच्या पाण्याचा नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता.

आणि हे मला शोभत नाही. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत २९ वर्षं मी फॉर्मॅलिनच्या बरण्या पुसल्या. बरणीत कुठलाही मासा काही दिवसांत पिवळट पडतो. तिथे ओळख पटते ती तोंडावरून, मिशांवरून आणि परांवरून. मोबाईलवर रंगीत फोटो आले आणि मी बरणीची शिस्त विसरले.

म्हणून यापुढे फोटो पाठवताना रंगीत दिवा आणि फ्लॅश बंद, साधा पांढरा उजेड, काच पुसलेली. मासा आडवा दिसला पाहिजे, पर उघडलेले. जमत नसेल तर व्हिडिओ काढून त्यातला चांगला क्षण निवडा. काचेला शाळेची पट्टी चिकटवलीत तर लांबीचाही अंदाज येतो.

प्रश्न : मुलाने दुकानातून सहा 'पिरान्हा' आणले. पोट लाल, अंगावर काळे ठिपके. घरात दोन वर्षांची नात आहे. मंडळी घाबरली आहेत. फोटो सोबत. (एक आजोबा, जुळे सोलापूर)

आजोबा, तुमच्या मुलाने पिरान्ह्याचे पैसे देऊन रूपचंद आणला आहे. तोच, जो आपल्या मासळीबाजारात किलोवर मिळतो. शास्त्रात त्याला पिअ‍ॅरॅक्टस म्हणतात, दुकानात पाकू. पाकू आणि पिरान्हा दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेचे आणि एकाच कुळातले. पिल्लूपणी पाकूची छाती लाल असते, म्हणून हा व्यापार चालतो.

तुमचा तिसरा फोटो उत्तम आहे, मासा समोरून तोंड उघडून बघतोय. पिरान्ह्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, भांडायला निघालेल्या माणसासारखा. दात त्रिकोणी, करवतीसारखे. तुमच्या माशाची हनुवटी पुढे नाही आणि दात चौकोनी, आपल्या दाढांसारखे आहेत. नदीत पडलेली फळं आणि कठीण बिया फोडायला ते दात. आता पाठीकडे बघा : पाठीचा पर संपल्यावर शेपटीआधी एक छोटा मांसल पर आहे. तो पिरान्ह्यालाही असतो, त्यामुळे त्यावरून या दोघांत निवाडा होत नाही. पण बार्ब जातीच्या माशांना तो कधीच नसतो, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नातीचा हात टाकीत जाऊ देऊ नका, दाढासुद्धा चावतात. खरी अडचण वेगळीच आहे. हा मासा दोन-अडीच फुटांचा होतो. तुमची टाकी पट्टीवरून तीन फुटांची दिसते, म्हणजे वर्षभरात त्याला वळता यायचं नाही. ओळखीत कुणी शेततळ्यात रूपचंद पाळत असेल तर त्याला देऊन टाका.

(माझ्या जाऊबाईंना हाच मासा एकदा 'पापलेट' म्हणून विकला गेला होता. बिचाऱ्याला स्वतःच्या नावाने कुणी विकतच नाही.)

प्रश्न : काच साफ करणारा सकर तीन इंचांचा आणला होता. सव्वा वर्षात फूटभर झाला. संभाजी तलावात सोडू का? (टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रस्ता)

नाही. नाही म्हणजे नाही.

दुकानदार सगळ्यांनाच सकर म्हणतो. तुमच्या फोटोत पाठीचा पर छत्रीसारखा उघडलेला आहे. त्यातल्या काड्या मोजल्या, बारा भरल्या. दहाच्या वर काड्या म्हणजे टेरिगोप्लिक्थिस, दीड फुटापर्यंत जाणारा. लहान राहणारा हवा होता तर अ‍ॅन्सिस्ट्रस मागायचा. तो पाच-सहा इंचांवर थांबतो आणि नराच्या नाकावर झुडपासारखे कोंब असतात.

तुमचा मासा पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो, काठाच्या मातीत बिळं करतो, आणि खरखरीत काटेरी अंगामुळे जाळी फाडतो. उजनीत मच्छिमारांच्या जाळ्यात तो येऊ लागला आहे; तिथे आधीच चिलापीने जागा अडवली आहे. कुणीतरी असाच दयेपोटी सोडला असणार. मोठी टाकी असलेला माणूस शोधा, तोवर दुधी आणि काकडी द्या. नुसत्या शेवाळावर त्याचं पोट भरत नाही.

प्रश्न : 'शार्क' म्हणून आणलेला करडा मासा काचेवर डोकं आपटतो. (विजापूर रस्ता)

हा शार्क नव्हे. हा मिशावाला पंगास, हॉटेलातल्या फिश फ्रायचा. बुजरा आहे, दिवा एकदम लावला की उधळतो. मीटरभर वाढतो. बाकी उत्तर आजोबांना दिलं तेच.

प्रश्न : माझा मासा गुलाबी होता, आता पांढरा होतोय. त्याचं नाव कलिंगड आहे. तो आजारी आहे का? (इयत्ता पाचवी)

नाही गं. तो विडो टेट्रा आहे. शेपटीआधीचा छोटा मांसल पर तुझ्या फोटोत स्पष्ट दिसतोय, म्हणजे बार्ब नाही. फोटो आजोबांपेक्षा चांगला काढलास. कुणीतरी त्याला रंगवलं होतं, तो रंग उतरतोय. खातोय, पोहतोय तोवर काळजी नको. पण टेट्राला एकटं करमत नाही. आईला सांग, अजून पाच आणायचे, न रंगवलेले. त्यांच्या अंगावर दोन उभे काळे पट्टे असतील, ते मोजूनच पैसे द्यायचे.