वाचकांचे प्रश्न : डिझेल हॉट हॅच विकायची आहे

*या वेळच्या पत्रांत गाडी विकणाऱ्यांची गर्दी आहे, आणि त्यातही फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीडीआयवाल्यांची, म्हणजे जोरदार डिझेल इंजिनाच्या छोट्या गाडीची (हॉट हॅच). म्हणून बहुतेक उत्तरं त्याच गाडीला धरून दिली आहेत. फियाट पुंटो ९० एचपी किंवा तत्सम डिझेल हॅच असलेल्यांना त्यातलं बरंच लागू पडेल.*

प्रश्न : २०१६ ची पोलो जीटी टीडीआय, पहिला मालक, ८६ हजार किलोमीटर, सगळी जॉब कार्डं (सर्व्हिस सेंटरच्या कामाचे कागद) जपलेली. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने स्विफ्ट डिझेलचा भाव सांगितला. म्हणतो, ‘इकडे मारुतीलाच गिऱ्हाईक आहे.’ त्याचं बरोबर आहे का? (भुसावळ)

त्याच्या दुकानापुरतं बरोबर आहे. जुनी डिझेल हॅच घेणारं जळगाव-भुसावळकडचं नेहमीचं गिऱ्हाईक ॲव्हरेज आणि सुट्या भागांची किंमत बघतं, आणि त्या हिशेबात स्विफ्टच जिंकते. १.३ लिटरच्या स्विफ्टची ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढ), तुमच्या १.५ टीडीआयची १०५ पीएस आणि २५० न्यूटन-मीटर (नंतरच्या गाड्यांत ११० पीएस), हा फरक त्या गिऱ्हाइकाला नको असतो. व्यापाऱ्याला गाडी पंधरा दिवसांत उठवायची असते, म्हणून तो सरसकट भाव लावतो.

तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर फोक्सवॅगनने भारतात डिझेल बंद केलं, २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. म्हणजे या गाड्या आता वाढणार नाहीत, चांगल्या राखलेल्या तर कमीच होत जाणार. त्या शोधणारा माणूस नाशिक, पुणे, सुरत किंवा इंदूरला बसलेला असतो आणि जॉब कार्डं वाचायला तो शनिवार-रविवार मोडून भुसावळला येतो. व्यापाऱ्याचा आकडा हा तळाचा भाव समजा, त्याखाली उतरायचं कारण नाही. वरचा भाव ठरवताना जाहिरातींतल्या मागण्या बघा, पण मागणी म्हणजे सौदा नव्हे. महिनाभर तशीच पडून राहिलेली जाहिरात त्या भावाला गिऱ्हाईक नाही एवढंच सांगते.

जॉब कार्डं तारखेवार एका फाइलला लावा. त्यात एक कागद आवर्जून असू द्या. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ईए-१८९ या डिझेल इंजिनांच्या सॉफ्टवेअरसाठी देशातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमची गाडी त्यात येते का हे चेसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटरला विचारा आणि काम झालं असेल तर त्याचं जॉब कार्ड काढून घ्या. जाणकार गिऱ्हाईक हे विचारतंच.

प्रश्न : विकण्याआधी गाडीवर किती खर्च करावा? टायमिंग बेल्ट बदलायची वेळ जवळ आली आहे. छताचं कापडही मागून सुटलंय. (चोपडा)

बेल्टपासून सुरुवात करू. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका लयीत ठेवणारा हा पट्टा. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडावं लागतं. त्यामुळे बेल्ट बाकी असलेली गाडी बघताना गिऱ्हाईक बेल्टचा नव्हे, इंजिन उघडण्याच्या धोक्याचा पैसा कापतं. मॅन्युअलमधली मुदत किलोमीटर आणि वर्षं, दोन्हींनी बघा. जी आधी भरेल ती धरायची. मुदत खरंच जवळ असेल तर बदलून टाका, पण नुसता बेल्ट नको. बेल्ट ताणून धरणारे टेन्शनर आणि आयडलर पुली, शिवाय वॉटर पंप सोबत बदलायचे. पंप त्याच बेल्टवर फिरतो. उद्या तो गळला तर सगळी उघडझाप पुन्हा करावी लागेल. बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि गाडीचं किलोमीटर लिहून घ्या. मुदतीला अजून वर्षभर असेल तर हात लावू नका, मुदत कधी भरते ते गिऱ्हाइकाला सांगा आणि भावात थोडं सोडा.

कूलंटची टाकी उघडून बघा (इंजिन थंड असताना). कंपनीचं कूलंट गुलाबी-जांभळट असतं. कुणी हिरवं ओतलं असेल तर दोन्ही मिसळून तपकिरी गाळ होतो. नुसतं बोअरचं पाणी टाकत राहिलं तर आपल्याकडच्या जड पाण्याचे थर रेडिएटर आणि हीटरच्या नळ्यांत धरतात. बेल्टबरोबर पंप निघतोच, तेव्हाच फ्लश करून घ्या.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि गाडी बघायला आलेला माणूस आधी एसीची कळ दाबतो. एसी कमी वाटला की लगेच गॅस भरायला धावू नका. एसीचा कंडेन्सर आणि टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर दोन्ही बंपरच्या मागे असतात. कपाशीच्या शिवारातून आणि काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीत त्यांच्या जाळीत धूळ, किडे आणि तंतूंचा नमदा बसतो. हवाच लागत नसेल तर गॅस किती का भरेना. साध्या पाइपने, कमी दाबाने, शक्यतो आतून बाहेर धुवा. सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर गनने जाळीच्या पातळ पात्या वाकतात. इंटरकूलर मोकळा झाला की ओढही सुधारलेली जाणवेल. केबिन फिल्टर नवा घाला, ते काम हाताने होतं.

छताचं कापड मात्र दुरुस्त कराच. उन्हाने कापडामागचा फोम कुजतो. डिकीकडच्या कडेला बोट दाबून बघा, पिवळी भुकटी सुटत असेल तर गोंद लावून उपयोग नाही. पॅनल बाहेर काढून जुना फोम खरवडून नवं फोमवालं कापड चढवावं लागतं. खर्च फार नाही, पण लोंबतं छत बघून ‘वेल मेंटेन्ड’ या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही.

टायर बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी कोड बघून ठरवा : ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी असली तरी सहा-सात वर्षांचा टायर उन्हाने कडक झालेला असतो. तरी विकण्यासाठी चारही नवे घालू नका, तो पैसा वसूल होत नाही. तेच पूर्ण रंगकामाचं. रंगाची जाडी मोजायचं मीटर आता पुष्कळांकडे असतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १४० मायक्रॉन भरतो, दुबार मारलेला २०० च्या पुढे, आणि खाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर ४०० वर. बंपरवरचे ओरखडे राहू द्या. दरवाजा कधी रंगवला असेल तर ‘हा दरवाजा रंगवलाय, कारण हे’ असं आधीच सांगा. मीटरने सापडला तर बाकीच्या तीन दरवाजांवरही संशय येतो.

आणि इंजिन धुऊन काळं पॉलिश मारू नका. कोरडं, थोडं धुळकट इंजिन गळती नसल्याचा पुरावा असतं. चकचकीत इंजिन बघितलं की काय पुसलं असेल हाच विचार येतो, शिवाय सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं तर नसलेले फॉल्ट उभे राहतात.

प्रश्न : गाडी स्टेज-१ रीमॅप केलेली आहे (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली). सांगून विकू की मूळ मॅप टाकून? (धुळे)

मूळ मॅप टाका आणि सांगूनही विका. कंपनीच्या रचनेत मंजुरीशिवाय केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि विम्याच्या दाव्यात अडचण आणू शकतो. नव्या मालकाला ते ओझं कशाला?

लपवून उपयोगही नाही. रीमॅपवर टॉर्क ३०० च्या पुढे जातो, आणि २५० साठी बसवलेला क्लच त्याची खूण सांगतो. चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. न्यूट्रलला खडखड येते आणि क्लच दाबल्यावर बदलते किंवा थांबते, असं असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचजवळची, इंजिनाचे धक्के शोषणारी जड चकती) तपासायला हवं. हा महागडा भाग आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवणारच असाल तर तेव्हाच बघा.

मूळ मॅप टाकल्यावर गाडीतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल्सचं स्कॅन करून छापील रिपोर्ट घ्या. फॉल्ट ‘क्लिअर’ करून लगेच काढलेला रिपोर्ट फसवा असतो. लळिंग घाटापर्यंत जाऊन या, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि मग काढा. ईजीआर (धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोच्या पात्या काजळीने अडकत असतील तर त्यात दिसेल.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्ह कशी द्यावी? (अमळनेर)

इंजिन गार ठेवा. डिझेल कसं आहे ते पहिल्या स्टार्टला कळतं. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी गरम करून ठेवली की त्याला ते बॉनेटवर हात ठेवूनच समजतं. सुरू करताना धुराकडे लक्ष द्या : निळा धूर ऑइल जळण्याचा, काळा जादा डिझेलचा किंवा हवा कमी पडल्याचा, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा इंजेक्टर किंवा कूलंटचा. यातलं काही असेल तर जाहिरात थांबवा.

लायसन्स बघा, फोटो काढून ठेवा, पहिले पाच-सात किलोमीटर स्वतः चालवा आणि मगच त्याच्या हाती द्या. चावी देऊन ओट्यावर बसू नका. टोकन घेताना पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही हे लक्षात असू द्या. ‘फौजी आहे, बदली झालीय, गाडी न बघता घेतो, क्यूआर पाठवतो’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

प्रश्न : सेंधव्याचं गिऱ्हाईक पूर्ण पैसे द्यायला तयार आहे. म्हणतो, ‘टीटी फॉर्मवर (मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०) सह्या करून द्या, नावावर मी करून घेईन.’ (शिरपूर)

पैसे पूर्ण मिळाले तरी कोऱ्या सह्या देऊन गाडी सोडू नका. अपघात झाला तर नुकसानभरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. मधल्या काळातली चलनं आणि पोलिसांची विचारपूसही तुमच्याकडेच येणार.

गाडी मध्य प्रदेशात जाणार म्हणजे आधी धुळे आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), फॉर्म २८ वर. कर्ज होतं का? आरसीवरचा बोजा फॉर्म ३५ आणि बँकेच्या एनओसीने आधी उतरवा. बँकेची एनओसी बऱ्याचदा तीनच महिने चालते, कपाटातली जुनी असेल तर नवी मागा. थकलेली ई-चलनं भरा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसवून घ्या (चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी), त्याशिवाय आरटीओतलं काम पुढे सरकत नाही. मग फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख सगळं भरून. कोरं काही नाही.

विक्री राज्यातच असेल तर १४ दिवसांत आणि बाहेर असेल तर ४५ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. घेणाऱ्याला ३० दिवस असतात. त्याच्या राज्यातला रोड टॅक्स त्याला नव्याने भरावा लागेल, तो भावात कुणी सोसायचा हे टोकनआधीच बोलून घ्या. नाहीतर ऐन वेळी तुमच्याच गळ्यात पडतो.

गाडी देताना दोन प्रतींत डिलिव्हरी नोट करा : तारीख, वेळ तासा-मिनिटापर्यंत, किलोमीटर, चाव्या किती, दोघांच्या सह्या. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर बिजासन घाटापलीकडचे टोल तुमच्या खात्यातून कटतील. विमा नावावर करून घ्यायला खरेदीदाराला १४ दिवस मिळतात. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसतो, तुमचा असतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो.

प्रश्न : डिझेल गाडी १० वर्षांनी भंगारात जाते म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतंय. (नंदुरबार)

तो निर्बंध दिल्ली-एनसीआरचा. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. आरसीवर शेवटची तारीख छापलेली असते, तीच दाखवा.

प्रश्न : गाडी फर्मच्या नावावर आहे, घसारा घेतलेला आहे. गिऱ्हाईक सगळी रक्कम रोख देतो म्हणतो. (जळगाव)

रोख नको. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकर कायद्यात घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे, आणि घेणारे तुम्ही. आरटीजीएस करायला लावा.

फर्म जीएसटीत नोंदलेली असेल तर विक्रीवर १८ टक्के लागतो, पण पूर्ण किमतीवर नाही. विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता पुस्तकात उरलेली किंमत, यांच्या फरकावर. समजा पुस्तकात २,४०,००० उरलेत आणि गाडी ४,४०,००० ला गेली, तर २,००,००० वर ३६,०००. पुस्तकातल्या किमतीहून कमीत गेली तर काही नाही. भाव सांगण्याआधी सीएकडून हा आकडा काढून घ्या. गाडी स्वतःच्या नावावर, घरच्या वापराची आणि घसारा कधीच घेतलेला नसेल तर यातलं काहीच लागत नाही. तेव्हा आधी आरसी काढून नाव कुणाचं आहे ते बघा. प्रोप्रायटरी फर्ममध्ये आरसीवर मालकाचं स्वतःचं नाव आणि घसारा मात्र धंद्याच्या पुस्तकात, असा प्रकार सर्रास असतो. तिथेही घसारा घेतला की वरचा हिशेब लागतो.