बार्सिलोनाच्या घराआधी ती पॉलिसी परत करा

वाचकाचं पत्र थोडक्यात असं. वय 31, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, अविवाहित. बार्सिलोनात वर्षाला 42 हजार युरोंची कायम स्वरूपाची नोकरी मिळाली आहे, पुढच्या महिन्यात निघायचं आहे. ग्रासिया भागातला एक फ्लॅट एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवला: भाडं 1,150 युरो, करार 11 महिन्यांचा. सगळं भाडं आगाऊ भरलं तर 5 टक्के सूट. शिवाय दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचं भाडं अधिक कर एवढी दलाली. प्रश्न असा, की यासाठी एफडी मोडावी की म्युच्युअल फंड विकावेत? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ: "बँकेच्या मॅनेजरांच्या सांगण्यावरून वर्षाला 6 लाखांची गॅरंटीड पॉलिसी नुकतीच घेतली आहे, त्यामुळे भविष्याची चिंता नाही."

मला चिंता आहे ती त्या ओळीचीच. भाड्याकडे नंतर येऊ.

पॉलिसीचे कागद हातात पडून तुम्हाला तिसरा आठवडा चालू आहे. कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते आणि किरकोळ कपात (तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क) वगळता पैसे परत मिळतात. हा तुमचा हक्क आहे. अर्ज थेट विमा कंपनीला लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. बँकेच्या मॅनेजरकडे देऊ नका. "मॅडम, चार दिवस थांबा, बघतो" असं करत मुदत उलटून जाते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा.

आता का ते सांगतो. 6 लाख, 7 वर्षं, एकूण 42 लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी 84 लाख घ्यायचे. "दुप्पट" ऐकून छान वाटतं, पण हिशोब वर्षाला जेमतेम 6 टक्क्यांचा आहे. वर "करमुक्त" म्हणून सांगितलंय, तेही खोटं. एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता 5 लाखांच्या वर गेला, तर मुदतीअंती होणाऱ्या नफ्यावर कर लागतो. तुमचा हप्ता 6 लाख आहे. 42 लाखांच्या नफ्यावर 30 टक्क्यांनी कर धरला, तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. तेव्हा तुम्ही स्पेनच्या करनिवासी असाल, तर तिथेही हे उत्पन्न दाखवावं लागेल. "परदेशी गेल्यावर पॉलिसी मिळत नाही, आत्ताच घ्या" ही घाईही खोट्या आधारावर केली गेली. अनिवासी भारतीयांना विमा घेता येतो. परदेशी निघालेल्या मुलीला सात वर्षांच्या हप्त्यात अडकवणाऱ्या माणसाने तुमच्या भविष्याचा विचार केलेला नाही, महिन्याच्या टार्गेटचा केला.

शिवाय हप्ता येणार कुठून? तुम्ही लिहिता, 42 हजार युरो म्हणजे 42 लाख, त्यातले 20 लाख सहज उरतील. नाही उरणार. सामाजिक सुरक्षा आणि आयकर वजा जाता वर्षाला ढोबळ 31 हजार युरो हातात येतील. स्पेनमध्ये पगार बहुधा 14 हप्त्यांत देतात, म्हणजे दरमहा साधारण 2,200, आणि उन्हाळ्यात व डिसेंबरात एकेक जादा पगार. भाडं 1,150, वीज-पाणी-इंटरनेट 150, खाणंपिणं 350, प्रवास-फोन-किरकोळ 250: झाले 1,900. महिन्याला 300 उरले, वर्षाचे 3,600. दोन जादा पगार मिळवून 8 हजार युरो. युरो शंभर रुपयांना धरला तर 8 लाख. त्यातून आईवडिलांना दरमहा 25 हजार, म्हणजे वर्षाला 3 लाख. त्याला हात लावू नका. राहिले 5. हप्ता 6 लाखांचा!

आता भाडं. तुमच्याकडे 22 लाख होते, पहिला हप्ता जाऊन 16 राहिले. एजंट मागतोय ते सूट धरून भाडं 12 हजार, अनामत 2,300, दलाली 1,400, एकूण 15,700 युरो, म्हणजे जवळजवळ तेवढेच 16 लाख. त्यात आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर बाहेर पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वेगळा घेते तो आगाऊ कर, लागेल, 6 लाखांवर 1 लाख 20 हजार. विवरणपत्रात ते परत मिळतील, पण आज आणायचे कुठून? आणि हे सगळं 630 युरो वाचवण्यासाठी. नोकरीचा परिवीक्षा काळ पदवीधर तंत्रज्ञांना सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्यात कंपनी भरपाई न देता काढू शकते. तिसऱ्या महिन्यात तसं झालं, तर घरमालकाकडून आठ महिन्यांचं भाडं कसं सोडवणार?

करार 11 महिन्यांचाच का, हे तुम्ही विचारलं नाहीत. राहत्या घराच्या करारात स्पेनचा कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. मालक व्यक्ती असेल तर पाच वर्षं राहण्याचा हक्क, आणि सहा महिन्यांनंतर 30 दिवसांची नोटीस देऊन घर सोडायची मुभा. अनामत एक महिन्याची, जादा हमी जास्तीत जास्त दोन महिन्यांची, एका महिन्याहून अधिक आगाऊ भाडं मालकाला मागता येत नाही, आणि मे 2023 पासून दलाली मालकाने द्यायची. बार्सिलोनात तर मार्च 2024 पासून भाड्यावरही मर्यादा आहे. या सगळ्यातून सुटायला करारावर 'तेम्पोरादा', म्हणजे हंगामी मुक्काम, असं लिहितात. तुमची नोकरी कायम आहे, मुक्काम हंगामी नाही. कायदा करारावरच्या शीर्षकापेक्षा घराचा प्रत्यक्ष वापर पाहतो, पण तिथे नवख्या असताना भांडत बसण्यापेक्षा असा करार करूच नका.

न पाहिलेल्या घरासाठी इथून एक युरोही पाठवू नका. पहिला महिना कंपनीकडे राहायची सोय मागा. नसेल तर दीड-दोन हजार युरो खर्चून तात्पुरती जागा घ्या आणि नोकरीचा करार हातात घेऊन घरं पाहा. पसंत पडलं की मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा 'नोता सिंपले' उतारा काढा, दहा युरोंच्या आसपास लागतात, आणि सही करणारा खरंच मालक आहे का ते बघा. त्या पत्त्यावर पालिकेत नोंद, 'एम्पाद्रोनामिएन्तो', करू देणार का ते लेखी घ्या. आरोग्य कार्डासाठी ती लागते. अनामत इन्कासोल या सरकारी संस्थेकडे जमा केल्याची पावती मागा, काताल्युन्यात (बार्सिलोना याच प्रांतात आहे) मालकाला ती तिथे ठेवावीच लागते. पगाराच्या स्लिपा नाहीत म्हणून मालक कचरत असेल तर दोन महिन्यांची जादा हमी देऊ करा. पहिल्या महिन्याचं भाडं आणि एक महिन्याची अनामत धरून एकूण चार महिन्यांचं भाडं, 4,600 युरो. एवढ्यापुरती एफडी मोडा. म्युच्युअल फंडांना हात लावायची गरज नाही.

निघण्यापूर्वी बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करण्याची प्रक्रियाही विचारून घ्या. नोकरीसाठी बाहेर गेल्यावर निवासी खातं तसंच चालवता येत नाही. पण त्याला अजून महिना आहे. पॉलिसीचा अर्ज आज द्या.