मोटाउनची गाणी सगळी एकसारखीच वाटतात. मग साठच्या दशकातल्या संगीतात त्यांचा एवढा दबदबा का?

तुम्ही लिहिलंय की बीटल्स आणि स्टोन्स ऐकून झाल्यावर सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स हे अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे गट लावले, गाणी गोड वाटली, पण चार-पाच झाल्यावर कुठलं कुठलं ते कळेना. तुमच्या कानांना दोष देऊ नका. साचा होताच, आणि तो जाणूनबुजून घडवलेला होता.

कंपनी काढणारा बेरी गॉर्डी त्याआधी डेट्रॉइटमध्ये लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करायचा. १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने धंदा सुरू केला आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात स्टुडिओ थाटला. गाणी लिहिणारे ठरलेले, वाजवणारे ठरलेले, खोली तीच. कुठलं गाणं बाजारात जाईल हे आठवड्याच्या बैठकीत ठरायचं. हॉलंड-डोझियर-हॉलंड या त्रिकुटाने फोर टॉप्ससाठी केलेलं ‘आय कान्ट हेल्प मायसेल्फ’ १९६५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर लगेच त्यांनी तोच ढाचा थोडा फिरवून दुसरं गाणं केलं आणि त्याला नाव दिलं ‘इट्स द सेम ओल्ड साँग’. म्हणजे तुमची तक्रार त्यांनी स्वतःच लेबलवर छापली होती, आणि तेही गाणं जोरात चाललं.

मग कौतुक कशाचं? माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्यांदा ऐकताना गाणाऱ्यावरचं लक्ष काढा आणि खाली बेस (सगळ्यात खालचे सूर वाजवणारी गिटार) काय करतोय ते ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, बरे हेडफोन लावा. मी स्वतः हौसेने बेस वाजवतो आणि या गाण्यांवर माझा जीव जडला तो त्यामुळेच.

तो बेस बहुतेक वेळा जेम्स जेमरसनचा असतो. मूळचा साउथ कॅरोलायनाचा, वाढला डेट्रॉइटमध्ये, शाळेत उभा डबल बेस शिकला, रात्री जॅझ क्लबांत वाजवायचा. मोटाउनचे घरचे वादक, ज्यांना फंक ब्रदर्स म्हणतात, त्यांतले बरेच असेच जॅझमधून आलेले. बेस गिटार वाजवणारे सहसा तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने वापरतात. जेमरसन एकट्या तर्जनीने वाजवायचा. तारा जुन्याच ठेवायचा, त्यामुळे सूर झणझणत नाही, गोल आणि दमदार येतो. त्याच्याआधी पॉपमधला बेस म्हणजे बहुतेक वेळा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) मूळ स्वर धरून ठोके मोजणं. जेमरसन गाण्याच्या पोटात दुसरी चाल गुंफतो. पॉल मॅकार्टनीने त्याचं ऋण उघडपणे मान्य केलंय. म्हणजे तुम्हाला जे बीटल्स आवडतात, त्यांच्या बेसमध्येही थोडं डेट्रॉइट आहे.

‘माय गर्ल’पासून सुरुवात करा. डिसेंबर १९६४ मध्ये आलेलं टेम्प्टेशन्सचं गाणं, स्मोकी रॉबिन्सन आणि रॉनल्ड व्हाइट यांनी लिहिलेलं. आधी एकटा बेस: मोजक्या सुरांचा एक तुकडा, तोच पुन्हा पुन्हा, मध्ये भरपूर मोकळी जागा. ती जागा भरायला रॉबर्ट व्हाइटची गिटार येते आणि चढत जाते. तिचे स्वर नीट ऐका: सा रे ग प ध सां. भूपाचेच स्वर! राग मांडलेला नाही, तसा दावाही नको, पण आपल्या कानाला ती सुरावट पहिल्याच फटक्यात ओळखीची वाटते. कॉर्ड बदलला की तीच चढण नव्या सा वरून होते. व्हायोलिनचा तुकडा संपला की अख्खं गाणं एका स्वराने वर सरकतं. डेव्हिड रफिनचा खरखरीत आवाज या सगळ्यावर इतका सहज बसतो की खालचं बांधकाम कुणाच्या ध्यानातच येत नाही.

नंतर फोर टॉप्सचं ‘बर्नाडेट’, १९६७. इथे जेमरसन एका जागी थांबतच नाही, तरी गाण्याचा तोल ढळत नाही. त्यांचा मुख्य गायक लिव्हाय स्टब्ज मुळात बॅरिटोन, म्हणजे खालच्या पट्टीचा आवाज, पण त्याच्यासाठी गाणी मुद्दाम उंच पट्टीत बांधायचे, म्हणून तो विनवणी करत असल्यासारखा वाटतो. शेवटाकडे सगळी वाद्यं एकदम थांबतात, गाणं संपलं असं वाटतं, आणि तेवढ्यात तो ते नाव ओरडतो. किती वेळा ऐकलं तरी तिथे अंगावर काटा येतो. आणि स्टीव्ही वंडरचं १९६८ चं ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ चुकवू नका. त्यातला बेस म्हणजे स्वतंत्र मैफल आहे.

एक गोष्ट मात्र मला खुपते. साठच्या दशकातल्या त्या रेकॉर्डवर या वादकांची नावंच नसत. मोटाउनचाच गायक मार्व्हिन गे याच्या १९७१ च्या अल्बमवर ती झळकली, आणि पुढच्याच वर्षी कंपनीने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं. जेमरसन १९८३ मध्ये गेला, वय ४७. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००० साली. इतक्या लोकांनी ज्याच्या बेसवर ठेका धरला, त्याला जिवंतपणी हे मिळायला हवं होतं.

‘सगळी सारखी’ हे मत अजूनही टिकून असेल, तर शेवटची एक जोडी लागोपाठ लावा. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’, आधी ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स, १९६७. मग मार्व्हिन गे, १९६८. गीतकार तेच, निर्माता तोच नॉर्मन व्हिटफील्ड, कंपनी तीच. नाइटचं गाणं चर्चमधल्या गॉस्पेलच्या जोशात धावतं, बाई जाब विचारतेय. गेचं सावकाश, इलेक्ट्रिक पियानोच्या दबक्या सुरांनी सुरू होतं आणि माणूस आतून खचत चाललाय हे कळतं. गंमत म्हणजे गेचं आधी ध्वनिमुद्रित झालं होतं, पण गॉर्डीला पटलं नाही म्हणून पडून राहिलं. बाहेर आल्यावर ते सात आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. दोन्ही ऐका आणि कुठलं जास्त भिडलं ते खाली नक्की लिहा. माझं मत गेच्या बाजूने.