हॉलिवूडचे कॅरेक्टर ॲक्टर (चरित्र अभिनेते) म्हणजे हिरो व्हायला न जमलेले नट का? त्यांचं पोट कसं चालायचं?

नाही. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतोच, पण पहिला भाग तसाच सोडून द्यायची माझी तयारी नाही. "चेहरा नव्हता, म्हणून म्हाताऱ्याचं काम केलं" हे विधान फार सहज केलं जातं. त्यावर अशाच एका नटाचा हिशेब मांडतो: वॉल्टर ब्रेनन.

अभिनयाची तीन ऑस्कर मिळवणारी पहिली व्यक्ती ब्रेनन आहे. कॅथरीन हेपबर्नला तिसरं मिळालं १९६८च्या चित्रपटासाठी. ब्रेननची तिन्ही त्याआधी पाव शतक घरात होती: 'कम अँड गेट इट' (१९३६), 'केंटकी' (१९३८) आणि 'द वेस्टर्नर' (१९४०). सहायक अभिनेत्याचं ऑस्कर सुरूच झालं १९३६च्या चित्रपटांपासून, म्हणजे त्या पुरस्काराचा पहिला मानकरी हाच. तेव्हा सहायक नटांना सोनेरी बाहुला मिळत नसे, नुसती एक पाटी मिळायची. १९४३च्या चित्रपटांपासून बाहुला द्यायला लागले. तिसरं ऑस्कर हातात पडलं तेव्हा ब्रेननचं वय होतं ४६, आणि प्रेक्षक तर त्याला सत्तरीचा धरून चालले होते.

हे जमलं कसं, तर दातांमुळे.

जन्म १८९४चा, मॅसॅच्युसेट्समधल्या लिनचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये होता. नंतर लॉस एंजेलिसला जाऊन जमिनीच्या खरेदी-विक्रीत पैसा केला आणि बाजार बसल्यावर घालवलाही. मग पोटासाठी एक्स्ट्रा. गर्दीतला माणूस, दारातला नोकर, घोड्यावरून पडणारा कुणीतरी. १९३२मध्ये चित्रीकरणातल्या अपघातात पुढचे बरेचसे दात गेले. हिरोच्या रांगेतला माणूस तिथेच संपला असता. ब्रेननने कवळी बसवून घेतली आणि तिचंच हत्यार केलं.

कवळी काढली की चेहऱ्याचा खालचा तिसरा हिस्सा बसतो. ओठांना मागून आधार राहत नाही, ते आत वळतात, हनुवटी वर नाकाकडे सरकते, गाल खोल जातात. तोंडाचं बोळकं होतं. 'स' आणि 'फ'मधून हवा निसटायला लागते, त्यामुळे बोली आपोआप बदलते. हे सगळं रंगपेटी न उघडता होतं. खोटी दाढी, मेणाच्या सुरकुत्या हे प्रकार जवळच्या शॉटमध्ये, तापलेल्या दिव्यांखाली उघडे पडतात. कवळी काढलेलं तोंड उघडं पडत नाही, कारण त्यात खोटं काहीच नसतं. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स सांगायचा की 'बार्बरी कोस्ट'च्या (१९३५) वेळी ब्रेननला समोर आणलं, तेव्हा त्याने उलट विचारलं, "दातांसह की दातांशिवाय?" भूमिका थोड्या दिवसांची होती, ती वाढत गेली. निर्माता सॅम्युएल गोल्डविनचा करार मात्र 'द वेडिंग नाइट'मधल्या (१९३५) कामातून आला.

पण दातांवर सगळं चाललं असतं तर गावातला प्रत्येक बोळक्या म्हातारा ऑस्कर घेऊन आला असता. पहिलं ऑस्कर ज्या भूमिकेला मिळालं तो सुरुवातीला तरी म्हातारा नव्हताच. तो होता स्वॉन बोस्ट्रॉम, लाकूडतोड्या, स्वीडिश हेल काढून बोलणारा. 'द वेस्टर्नर'मधला जज रॉय बीन बघा. गॅरी कूपर नावापुरता नायक, चित्रपट ओढून नेतो बीन. लिली लँगट्री या नटीवर त्याचा जीव आहे, तिला कधी पाहिलेलं नाही, आणि तिच्या प्रयोगाची झाडून सगळी तिकिटं हा एकटाच घेतो. जुना लष्करी गणवेश घालून रिकाम्या नाट्यगृहात एकटा बसलेला असतो. पडदा वर जातो आणि समोर लिलीऐवजी कूपर उभा. त्या क्षणी आधी चेहऱ्यावरचं पोरकट सुख विझतं, मग बंदुकीची आठवण होते. दोन गोष्टी एकदम करत नाही, एकामागून एक करतो. मला विचाराल तर चरित्र भूमिकेची सगळी विद्या त्या अर्ध्या सेकंदात आहे.

एक जुना वाद इथेच निकालात काढतो. "त्या काळी एक्स्ट्रांनाही ऑस्करला मत होतं, ब्रेनन त्यांच्यातला, म्हणून जिंकला" असं मोठ्या ऐटीत सांगितलं जातं. मत होतं हे खरं, आणि ब्रेनन त्यांचा लाडका होता हेही खरं. पण मतं एवढी हुकमी होती तर 'सार्जंट यॉर्क'साठी (१९४१) चौथं नामांकन असताना डोनाल्ड क्रिस्प का जिंकला? एक्स्ट्रा तेव्हाही मत देत होतेच. मतांनी मदत केली असेल, भूमिका मतांनी केलेली नाही.

आता पोटाचं. स्टुडिओच्या जमान्यात करार साधारण सात वर्षांचा. ठरावीक मुदतीने तो पुढे चालवायचा की नाही हे स्टुडिओ ठरवणार, नटाला मात्र मध्येच सुटता येत नसे. भूमिका नाकारली तर पगार बंद, आणि तेवढे दिवस कराराच्या शेवटाला जोडले जायचे. हा जोडण्याचा प्रकार ऑलिव्हिया डी हॅविलँड या नटीने कोर्टात जाऊन १९४४मध्ये मोडून काढला. शिवाय स्टुडिओ नट एकमेकांना उसने द्यायचे. घेणारा जास्त रक्कम मोजायचा, नटाला ठरलेला पगारच, वरचा फरक मालकाच्या खिशात. ब्रेनन गोल्डविनकडे, पण 'केंटकी' फॉक्स या दुसऱ्या स्टुडिओचा. कॅरेक्टर ॲक्टरला यात एक फायदा होता. हिरो एका चित्रपटात महिनोन् महिने अडकतो, याचं काम थोड्या दिवसांत उरकतं आणि तो पुढच्या सेटवर. चित्रपट पडला तर खापर हिरोवर. म्हणून ब्रेननच्या नावावर दोनशेहून जास्त कामं जमली. आणि ६३व्या वर्षी, १९५७मध्ये, 'द रिअल मॅकॉइज' या टीव्ही मालिकेत तो मुख्य भूमिकेत आला, लंगडणारा, सतत कुरकुरणारा आजोबा. ती सहा वर्षं चालली. हिरोंची सद्दी संपते त्या वयात याची सुरू झाली.

तोटाही होता. चित्रपट टीव्हीवर दाखवले की नटांना वाटा द्यायचा, हे हॉलिवूडमध्ये १९६०च्या संपानंतर ठरलं, आणि तेही त्या वर्षापासून पुढे बनलेल्या चित्रपटांना. म्हणजे 'रेड रिव्हर', 'रिओ ब्राव्हो' टीव्हीवर कितीही वेळा दाखवले तरी त्या करारातून ब्रेननला काही मिळणार नव्हतं.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, हा माणूस राजकारणात कट्टर उजवा होता आणि नागरी हक्क चळवळीचा उघड विरोधक. कामाचं कौतुक करताना ते झाकू नये. दोन, ही वाट सगळ्यांना सारखी मोकळी नव्हती. हॅटी मॅकडॅनिएल या कृष्णवर्णीय नटीला १९३९च्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं, तरी भूमिका मोलकरणींच्याच येत राहिल्या. थेल्मा रिटर या चरित्र अभिनेत्रीला सहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. ब्रेननच्या हिशेबावरून सगळ्यांचा हिशेब लावू नका.

बघायचे असतील तर आधी 'द वेस्टर्नर', मग 'रेड रिव्हर' (१९४८). 'रेड रिव्हर'च्या दोन प्रती फिरतात. एकीत पडद्यावर वहीची पानं वाचावी लागतात, दुसरीत तोच मजकूर ब्रेननच्या आवाजात येतो. आवाजाची प्रत घ्या, ती थोडी लहान आहे. चित्रपटात कवळीचाच विनोद केलाय: ब्रेनन ती पत्त्यांच्या डावात हरतो आणि जेवणापुरती परत मागून घेतो. शेवटी 'रिओ ब्राव्हो' (१९५९). त्यात नायक जॉन वेन याच्या टकलाचा मुका घेऊन निघतो, आणि ब्रेनन हातातला झाडू त्याच्या मागे हाणतो. तो प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. वेन एवढा उंचापुरा, तरी नजर झाडूवाल्यावरून हलत नाही.