मांडीवरची शांतता

*पत्र, थोडं आटोपशीर करून:*

ताई, आमची मुलगी आता ९ महिन्यांची आहे. दोन महिन्यांपूर्वी एका रात्री ती अचानक किंचाळून उठली. पाय पोटाशी घ्यायची, दोन-तीन मिनिटं जिवाच्या आकांताने रडायची आणि मग एकदम गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बायको म्हणाली, दवाखान्यात नेऊया. मी म्हणालो, पोटात गॅस धरला असेल, जरा थांबू. मी लहानपणापासून श्रद्धाळू. मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या पोटावर हात ठेवला आणि प्रार्थना करत बसलो. तासाभराने रडणं थांबलं. ती मांडीवर निपचित पडून होती. मी बायकोला म्हणालो, "बघ, ऐकलं त्याने."

पहाटे मुलीला हिरवी उलटी झाली. बायकोने तिला माझ्या मांडीवरून उचललं आणि अनवाणीच जिना उतरली. डॉक्टर म्हणाले, आतड्यात आतडं शिरलंय. ती शांत झाली नव्हती, तिच्यात रडायचं त्राण उरलं नव्हतं. हवेच्या दाबाने आतडं सुटलं, ऑपरेशन टळलं. आज ती खिदळते, रांगते. सगळे म्हणतात, तुझी श्रद्धा फळाला आली. बायको म्हणते, देवानेच मला उठवलं. मग मला का बसवून ठेवलं त्याने? आता हात जोडले की मांडीवरचं ते वजन जाणवतं. बायकोशेजारी बसून नुसते ओठ हलवतो. रात्री चार-चारदा उठून मुलीच्या नाकाशी बोट धरतो. बायकोला यातलं काहीच सांगितलेलं नाही.

— एक बाप

*उत्तर:*

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, 'एक बाप' एवढंच लिहिलंत. पत्र वाचून झाल्यावर मी त्या दोन शब्दांपाशीच बराच वेळ थांबले होते. तेव्हा आधी बापाशी बोलते, श्रद्धेचं मागाहून बघू.

त्या रात्री तुमच्या मांडीवर नेमकं काय चाललं होतं, ते नीट समजून घ्या. डॉक्टरांनी सांगितलं असेलच, पण अशा वेळी जीव टांगणीला लागलेला असतो, निम्मं कानावरून जातं. दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. वैद्यकात याला इंटससेप्शन म्हणतात. ६ महिने ते ३ वर्षं या वयात आतड्याचा मार्ग बंद होण्याचं हे सर्वांत मोठं कारण. बहुतेक मुलांना ते का झालं हे सापडत नाही. कधी आधी एखादा विषाणूसंसर्ग होऊन गेलेला असतो आणि त्याने आतड्यातल्या गाठी सुजलेल्या असतात. आईबापांनी काही केलं किंवा करायचं राहिलं म्हणून हे होत नाही. आतडं आवळलं गेलं की असह्य कळ येते. मूल पाय पोटाशी घेतं, पांढरंफटक पडतं. कळ ओसरली की १५-२० मिनिटं जणू काही झालंच नाही. मग पुन्हा कळ. असं होता होता मूल थकतं, मलूल होतं. काही बाळं तर फारशी रडतही नाहीत, नुसती सुस्त पडून असतात, आणि मग डॉक्टरांच्याही मनात आधी भलत्याच आजाराची शंका येते.

रडणारं मूल गप्प झालं की त्याला बरं वाटलं, हा प्रत्येक आईबापाचा ठोकताळा. एरवी तो रोज खरा ठरतो. या आजारात नेमका तोच उलटतो. तुम्ही त्यात सापडलात.

आता तुमच्याच पत्रातली एक गोष्ट तुम्हाला दाखवते, ती तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. बायको दवाखान्यात नेऊया म्हणाली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात? "गॅस धरला असेल, जरा थांबू." प्रार्थना त्यानंतर आली. म्हणजे थांबायचं ठरलं ते गॅसच्या अंदाजावर, देवाच्या भरवशावर नव्हे. तुमच्या जागी देव न मानणारा बाप असता तरी तो बहुधा हेच म्हणाला असता आणि मुलीला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरत राहिला असता. ती गप्प झाल्यावर "बघ, सुटला गॅस" म्हणाला असता. दोन महिने तुम्ही सगळा दोष तुमच्या श्रद्धेच्या माथी मारताय. त्यातला बराचसा त्या साध्या, रोजच्या, माणूस करतोच अशा अंदाजाचा आहे.

चूक झालीच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. तशी समजूत मी घातली तरी तुम्हाला ती पटायची नाही. बायकोला काहीतरी वेगळं जाणवत होतं, तिने ते बोलून दाखवलं आणि तुम्ही ते मागे सारलंत. ही एक चूक. दुसरी "बघ, ऐकलं त्याने" या तीन शब्दांत आहे. पोटावर हात ठेवून मुलीसाठी प्रार्थना केलीत, त्यात मला काही वावगं दिसत नाही. ऊबदार हात होता तो, तिलाही जाणवला असेल. पण ती गप्प झाल्यावर त्या गप्प होण्याचा अर्थ तुम्ही स्वतःच लावलात आणि त्याखाली देवाची सही करून टाकलीत. त्यानंतर मुलीकडे बघायचं राहून गेलं. ओठ सुकलेत का, हाक मारली की बघते का, हात उचलून सोडला तर कसा पडतो, हे बघायला तिथे दुसरं कुणी नव्हतं. श्रद्धेने डोळे मिटायचे असतात ते क्षणभर. मूल मांडीवर असताना ते लगेच उघडायला हवेत. हे मी कडक बोलतेय, पण मनापासून बोलतेय.

माझं सांगते. माझी धाकटी दीड वर्षाची असताना तापात तिला झटका आला. डोळे वर गेले, अंग ताठ झालं, ओठ निळसर पडले. माझे हातपाय गळाले. देवाचं नाव तोंडात आलं नाही, मी तिच्याच नावाने हाका मारत सुटले होते. दातखीळ बसेल असं कुणीतरी ओरडलं म्हणून मी तिच्या तोंडात चमचा घालायला धडपडत होते. चमच्याची दांडी हिरडीला लागली आणि रक्ताचा एक थेंब तिच्या हनुवटीवर आला. झटका दोन-अडीच मिनिटांत आपोआप थांबला. नंतर कळलं की झटका आलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं. त्याला कुशीवर वळवायचं, घड्याळाकडे लक्ष ठेवायचं आणि ५ मिनिटांच्या वर गेलं तर तातडीने मदत बोलवायची. तापातले असे झटके ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना येतात आणि बहुतेकांना त्याने कायमचं काही होत नाही, हेही कळलं. पण तो लाल थेंब माझ्या डोळ्यांसमोरून पुढे कित्येक महिने हलला नाही. आणि मला काय खात होतं, माहीत आहे? एवढी मी देवाचं करणारी आणि ऐन वेळी मला त्याचं नाव सुचलं नाही. तुम्ही प्रार्थना केलीत म्हणून झुरताय, मी केली नाही म्हणून झुरत होते. मूल हातातून जाता जाता राहिलं की मनाला बोट ठेवायला कुठली तरी जागा लागते, आणि जे सगळ्यांत जवळचं असतं त्याच्यावरच ते पडतं.

आता तुमचा खरा प्रश्न. तिला उठवलं तर मला का बसवून ठेवलं?

देवाच्या वतीने उत्तर द्यायला मी बसणार नाही. तुमची पत्नी "देवानेच मला उठवलं" म्हणते, ती तिची कृतज्ञता आहे. तिला ती तशी म्हणू द्या. तो तुमच्यावरचा आरोप नाही, तिच्या मनातही तसं नसावं. पण तुम्हाला लोक जे म्हणतात, "तुझी श्रद्धा फळाला आली", ते तुमच्या घशाखाली उतरत नाही याचा मला आनंद आहे. त्याच रात्री त्याच दवाखान्यात आणखी कुणाचं तरी लेकरू असेल. त्याच्याही आईबापांनी हात जोडलेच असतील. त्यातलं एखादं लेकरू वाचलं नसेल, तर त्या आईबापांची श्रद्धा कमी पडली म्हणायचं? मी हे कधीच मान्य करणार नाही. ज्या हिशेबात तुमचं मूल बक्षीस ठरतं, त्याच हिशेबात दुसऱ्याचं मूल शिक्षा ठरतं. तुमचे हात जोडले जात नाहीत, त्याचं एक कारण हेही असेल. मन प्रामाणिक आहे तुमचं, ते असली देवघेव नाकारतंय. अशा मनाला मी श्रद्धा गमावलेलं मन म्हणणार नाही.

मी स्वतः हे कसं बघते तेवढं सांगते, पटलं तर घ्या. एके काळी या आजाराने पुष्कळ मुलं दगावत. कोपनहेगनमधले हाराल्ड हिर्शस्प्रुंग हे मुलांचे डॉक्टर होते. पाण्याच्या दाबाने अडकलेलं आतडं मागे सारायच्या उपचाराबद्दल त्यांनी १८७६ मध्ये लिहिलं. पुढे क्ष-किरण आले, सोनोग्राफी आली, पाण्याच्या जोडीला हवा आली. आज वेळेत पोचलेल्या १० मुलांमधली ८-९ मुलं ऑपरेशनशिवाय सुटतात. तुमच्या मुलीच्या पोटात त्या पहाटे जी हवा गेली, तिच्यामागे दीडशे वर्षांची जागरणं आहेत. कुणाकुणाची लेकरं आधी गेली, म्हणून ती विद्या हाती आली. माझं मन तिथे आपोआप नमतं. ते देवापुढे नमतं की माणसांपुढे, हे मी फार चिवडत बसत नाही.

करायच्या गोष्टी दोन-तीनच आहेत, पण त्या कराच.

पहिली, डॉक्टरांची वेळ घेऊन त्यांना सरळ विचारा, "मी थांबलो त्या तासांनी माझ्या मुलीचं काही नुकसान झालं का?" हा प्रश्न तुम्ही अजून विचारलेला नाही, हे पत्रावरून कळतं. उशीर जितका जास्त तितकं आतडं हवेने सुटणं अवघड होतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती वाढते, हे खरं आहे. तुमच्या मुलीचं आतडं हवेने सुटलं आणि ऑपरेशन टळलं, हेही खरं आहे. तरी उत्तर त्यांच्याच तोंडून ऐका. ते काहीही असलं तरी रोज रात्री नवं उत्तर रचत बसण्यापेक्षा हलकं असेल. तिथेच हेही विचारून घ्या की पुन्हा असं झालं तर काय करायचं. साधारण १० मुलांमागे एकाला हा त्रास परत होतो. कधी पहिल्या एक-दोन दिवसांतच होतो, कधी पुढे केव्हातरी. थांबून थांबून येणारी कळ, हिरवी उलटी, शेंबूड-रक्त मिसळलेली लालसर शी, किंवा हाक मारली तरी न बघणारं मलूल मूल, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. रक्ताची शी बऱ्याचदा उशिरा दिसते, तिची वाट बघायची नाही. कळ ओसरली म्हणूनही थांबायचं नाही. प्रार्थना वाटेत करता येते.

दुसरी गोष्ट, रात्रीचं नाकाशी बोट धरणं. मूल असं मरणाच्या दारातून परत आलं की आईबापांना हे पुष्कळदा होतं. झोप उडते, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. महिनाभरात ओसरलं तर ठीक. तुमचे दोन महिने झालेत, म्हणून समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. याला मनाचा कमकुवतपणा समजू नका, श्रद्धेचाही समजू नका. मुलीचं आतडं सोडवायला माणूस लागला, तुमचं मन सोडवायलाही लागेल.

आणि ओठ हलवणं सध्या थांबवा. जे आत नाही ते बाहेर दाखवून तुम्ही दमताय. मुलीला भरवताना, न्हाऊ घालताना, तिच्या अंगावर पांघरूण घालताना तुमचे हात जे करतात, तेवढं काही दिवस पुरे. शब्द आपल्या पावलांनी परत यायचे तर येतील. आले नाहीत तरी तुम्ही तिचे बाबा आहातच.

पण त्याआधी बायकोशी बोला. समुपदेशक, डॉक्टर, मी, आम्ही सगळे नंतरचे. "तू म्हणालीस तेव्हाच उठायला हवं होतं" हे वाक्य तुम्ही तिला दोन महिने देणं लागता. तिला ते ऐकायचं असेल, कदाचित तुम्हाला दुखवायला नको म्हणून तीही गप्प राहिली असेल. "बघ, ऐकलं त्याने" हे शब्द तिलाही आठवत असतील. रडू आलं तर येऊ द्या, तिलाही येईल. आज रात्रीच बोला, मुलगी झोपल्यावर. आणि बोलता बोलता मुलगी मध्येच उठून रडली, तर वाक्य अर्धं ठेवून आधी तिला उचला.

— ताई