एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात माझ्या मुलीला रात्री दोनपर्यंत वाचूनही मार्क कमी का पडतात?

किती तास वाचलं त्यापेक्षा पुस्तक मिटून किती वेळा आठवून पाहिलं आणि झोप किती झाली, यावर मार्क जास्त ठरतात. मी फिजिऑलॉजी शिकवते, दरवर्षी हेच दिसतं. ब्रेकियल प्लेक्ससचं (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याचं) पान हायलायटरने पिवळंधमक केलेलं असतं. पण कोरा कागद पुढे ठेवला की सी-५ ते टी-१ या नसांच्या मुळांपर्यंत गाडी जाते आणि पुढे पोस्टिरियर कॉर्ड या जुडग्याला अडते. पान ओळखीचं वाटतं, म्हणून येतं असं वाटतं, एवढंच. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून पाहणारे. (ते विद्यार्थी मेडिकलचे नव्हते, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नेमकं हेच लागतं.)

तुमची मुलगी पेडण्याहून रोज कदंबाच्या बसने बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात ये-जा करते म्हणता, तर आधी झोप वाचवा. बसमध्ये जाडं पुस्तक उघडू नये, कालचं मनात म्हणून पाहावं. आणि:

- दर रविवारी आठवड्याचा एक विषय न बघता लिहून काढणे
- मैत्रिणीला मराठी-कोंकणीत समजावून सांगणे. अडलं की लगेच कळतं
- हजेरी सांभाळणे: थिअरी ७५ टक्के, प्रॅक्टिकल ८०. त्याखाली गेलं तर परीक्षेलाच बसता येत नाही

मात्र मुळात समजलेलंच नसेल तर आठवून काही उपयोग नाही. तिथे सरळ शिक्षकांना गाठावं.